पार्ट जळू नये म्हणून बांधलेला बेंच: दोन बाय तीन फुटांत घरची इलेक्ट्रॉनिक्स लॅब

ही आजच्या भागाची लेखी आवृत्ती. ऐकताना आकडे निसटतात, म्हणून ते इथं नीट लिहून ठेवलेत. वाचता वाचता स्क्रीनशॉट काढले तरी चालतील.

आजचा विषय तुमच्या मेसेजमधूनच आलाय. "दादा, ईएसपी-३२ घेतलाय, सेन्सर घेतलेत, पण करायचं कुठं? घरात टेबल नाही, कॉलेजची लॅब पाचला बंद होते." मी स्वतः सॉफ्टवेअरवाला, बीटेक कॉम्प्युटर. दिवसा लॅपटॉपवर नोकरी आणि रात्री त्याच खोलीच्या कोपऱ्यात सोल्डरिंग. तेव्हा हा प्रश्न माझाही होता.

यूट्यूबवर असले व्हिडिओ पुष्कळ आहेत. मोठं टेबल, भिंतभर ड्रॉवर, दोन-दोन ऑसिलोस्कोप. बघायला भारी वाटतं. पण त्या माणसाचा बोर्ड जळला तर दुसरा संध्याकाळपर्यंत हातात येतो. पुण्यात राहणारा तपकीर गल्लीत जातो, मुंबईवाला लॅमिंग्टन रोडला. आपण धाराशिवमध्ये. सोलापूर सत्तरेक किलोमीटर, आणि ऑनलाईन मागवलं तर चार-पाच दिवस कुरिअरची वाट. भूम, परंडा, लोहाऱ्याकडं असाल तर अजून एखादा दिवस धरा. म्हणजे आपल्याकडं एक बोर्ड जळला की पैसे जातात ते जातातच, पण आठवडा जातो. आणि आठवडाभर थांबलेला प्रोजेक्ट बऱ्याचदा परत सुरूच होत नाही.

म्हणून आजच्या भागाचं सूत्र एका ओळीत सांगतो: जिथं पार्ट लगेच मिळत नाही, तिथला बेंच पार्ट जळू नये म्हणून बांधायचा. जागा, पॉवर, मीटर, डबे, सगळं याच एका कसोटीवर ठरवायचं.

"असली कामं शहरातच होतात" असं वाटत असेल तर पाबळचं नाव लक्षात ठेवा. पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यातलं गाव. तिथं डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला, हातानं काम करत शिकायचं या कल्पनेवर. २००२ साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या मदतीनं तिथं फॅब लॅब उभी राहिली, जगातल्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी एक. म्हणजे लॅब प्रश्नाच्या जवळ असावी हे मराठी मुलखातल्या एका खेड्यानं केव्हाच करून दाखवलंय. आपल्याला फक्त एका फळीपुरतं करायचंय.

१. जागा: उचलून ठेवता येईल अशी फळी

सुताराकडून १२ मिलिमीटर प्लायवूडचा दोन फूट बाय तीन फुटांचा तुकडा घ्या. कापून उरलेला तुकडा स्वस्तात मिळतो. हाच तुमचा बेंच. सगळं यावरच बसवायचं, स्क्रूनं किंवा दुहेरी टेपनं. काम झालं की अख्खी फळी उचलून कपाटावर किंवा कॉटखाली ठेवायची.

फळीच का? घरात टेबल रिकामं करावं लागतं. जेवायची वेळ झाली की वायरी गोळा करा, परत मांडा. मांडताना एक वायर चुकीच्या भोकात जाते आणि तिथंच बोर्ड उडतो. जोडलेलं सर्किट जसंच्या तसं उचलता आलं तर हा धोकाच राहत नाही.

कुणी म्हणेल, घरात जुनी पत्र्याची पेटी आहे, तीच वापरू का? पार्ट ठेवायला वापरा, वर काम करायला नको. पत्रा वीज वाहतो, उघडा बोर्ड त्यावर ठेवला की खालच्या सगळ्या पिना एकमेकींना जोडल्या जातात.

फळीच्या उजव्या कोपऱ्यात शहाबादी फरशीचा एक तुकडा चिकटवा. सोल्डरिंगची जागा तीच. गरम टोक चुकून टेकलं तरी काही होत नाही. आपल्याकडं कुठल्याही बांधकामाजवळ असा तुकडा सापडतो. डावीकडं ब्रेडबोर्ड, मागच्या कडेला पॉवर, मध्ये मोकळी जागा. डावखुरे असाल तर उलटं करा.

एक उन्हाळ्याची गोष्ट. मार्च ते मे आपल्याकडं हवा कोरडी असते. नायलॉनची चटई, टेरिकॉटचे कपडे, प्लास्टिकची खुर्ची यांच्या घासण्यानं अंगावर चार्ज साठतो. मॉस्फेटसारखे पार्ट त्यानं मरतात, आणि मेलेले दिसतही नाहीत. सुती कपडे घाला, खाली सुती चादर टाका, आणि बोर्डला हात लावताना आधी त्याच्या ग्राउंडच्या भागाला, म्हणजे यूएसबीच्या धातूच्या कडेला, स्पर्श करा.

२. पॉवर: फळीवर २३० व्होल्ट येऊच द्यायचे नाहीत

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, इथं थांबून वाचा.

आपल्याकडच्या लाईटचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. संध्याकाळी व्होल्टेज खाली, मध्येच जाते, येताना झटका देऊन येते. कधी न्यूट्रल तुटला तर घरातल्या २३० च्या सॉकेटमध्ये ४०० च्या जवळपासही पोचू शकतं. वळवाच्या पावसात विजा वेगळ्याच. मग बेंचवर एक्स्टेन्शन बोर्ड आणून त्यावर पाच अडॅप्टर लावण्यापेक्षा सरळ नियम करा: भिंतीपाशी एकच चांगला यूएसबी-सी चार्जर, आणि तिथून फळीवर फक्त डीसी.

६५ वॉटचा पीडी चार्जर घ्या. लॅपटॉपसाठी असला तर तोच चालेल. हे चार्जर १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालतात, त्यामुळं संध्याकाळचं पडलेलं व्होल्टेज त्यांना त्रास देत नाही. पीडी म्हणजे चार्जर आणि समोरचं यंत्र आपसात बोलून ५, ९, १५ किंवा २० व्होल्ट ठरवतात. हे बोलणं करून देणारं नखाएवढं ट्रिगर मॉड्यूल मिळतं. ते फळीच्या मागच्या कडेला बसवा, त्याच्यापुढं एक फ्यूज, एक स्विच आणि मग बक मॉड्यूल. बक म्हणजे जास्त व्होल्टेजचं कमी करणारं.

बक घेताना एकच गोष्ट बघा: त्यावर व्होल्टेजचा स्क्रू आहेच, पण करंटचाही वेगळा स्क्रू हवा. या करंट लिमिटमुळं तुमचा आठवडा वाचतो. वायर उलटी लागली, दोन पिना जोडल्या गेल्या, तर लिमिट नसलेली सप्लाय जेवढा मागेल तेवढा करंट ओतत राहते आणि बोर्ड तापून जातो. लिमिट १५० मिलिअँपिअरवर असेल तर व्होल्टेज आपोआप खाली पडतं आणि तुम्हाला स्विच बंद करायला वेळ मिळतो.

म्हणूनच जुन्या कॉम्प्युटरची एटीएक्स सप्लाय फुकट मिळाली तरी पहिल्या बेंचला मी ती सुचवत नाही. तिच्या ५ व्होल्टच्या तारेतून कितीतरी अँपिअर निघतात. तिच्या हिशेबात तुमचा छोटा शॉर्ट म्हणजे किरकोळ लोड. ती ट्रिप होईपर्यंत ब्रेडबोर्डची वायर लाल होते.

ट्रिगर २० वर ठेवायचा मोह होतो. नको. ५ आणि ३.३ व्होल्टचं काम असेल तर तो ९ वर ठेवा. बकचा स्क्रू चुकून फिरला तरी वाईटात वाईट ९ व्होल्टच पुढं जातील. ईएसपी-३२ च्या डेव्हलपमेंट बोर्डच्या ५ व्होल्टच्या पिनेवर ९ आले तर त्यावरचा रेग्युलेटर तापेल, पण सहसा वाचेल. २० आले तर गेला. १२ व्होल्टचा रिले किंवा मोटर असेल त्याच दिवशी ट्रिगर १५ वर न्या.

लिमिट किती ठेवायची? हे पाठ करा:
- नवीन सर्किट पहिल्यांदा: ५० ते १०० मिलिअँपिअर.
- ईएसपी-३२, वायफाय बंद ठेवून: १५० मिलिअँपिअर.
- ईएसपी-३२, वायफाय चालू: ५०० किंवा थोडी जास्त.

वायफायवर सिग्नल पाठवताना ही चिप क्षणभर २४० मिलिअँपिअरच्या आसपास ओढते. लिमिट १५० वर विसरलात तर सीरियल मॉनिटरवर "ब्राउनआउट" असा मेसेज येऊन ती परत परत रीसेट होते. पोरं कोड तपासत बसतात. कोड बरोबर असतो, पाणी कमी पडत असतं.

आणि दोन पथ्यं. बकच्या आउटपुटवर कॅपॅसिटर असतो, तो साठवलेला करंट लिमिटला न जुमानता एकदम सोडतो. म्हणून आधी सर्किट जोडा, मग स्विच दाबा. उलट करू नका. दुसरं, बोर्डला लॅपटॉपची यूएसबी लावलेली असेल तेव्हा ५ व्होल्टच्या पिनेवर बेंचची सप्लाय देऊ नका. एका वेळी एकच वाट. दोन्ही ठिकाणचं फक्त ग्राउंड एक असू द्या.

लाईट गेली तर? पीडी पॉवर बँक लावा. हाच बेंच तसाच चालतो, कारण फळीवर सगळं डीसीच आहे.

३. सोल्डरिंग: इस्त्री पॉवर बँकेवर

२५ वॉटची साधी सोल्डरिंग इस्त्री स्वस्त आहे, शिकायला चांगली आहे. पण तिला तापमान कळत नाही. पाच मिनिटं ठेवली की ती तापत जाते आणि बोर्डवरची तांब्याची पट्टी उचलून येते. जमलं तर यूएसबी-सीवर चालणारी, तापमान ठरवता येणारी घ्या. पेनाएवढी असते, जागाच लागत नाही.

६०/४० ची कथिल-शिशाची तार साधारण १९० अंशाला वितळते, इस्त्री ३२० ते ३५० वर ठेवली की पुरे. जॉइंटवर दोन-तीन सेकंद, जास्त नाही.

ही इस्त्री चार्जरऐवजी पॉवर बँकेवर लावा. कारण सांगतो. दोन पिनांच्या चार्जरला अर्थिंग नसतं, त्यामुळं त्याच्या पलीकडच्या धातूवर थोडी गळती येते. लॅपटॉप चार्जिंगला असताना बॉडीला हात लावल्यावर झिणझिण्या येतात ना, तीच ही. इस्त्रीच्या टोकावर ती आली तर नाजूक चिपला बाधू शकते. पॉवर बँकेचा भिंतीशी संबंधच नाही. मात्र ती इस्त्रीला लागणारे वॉट देणारी हवी, साधी ५ व्होल्टवाली चालणार नाही.

शिसं विषारी आहे. काम झाल्यावर हात साबणानं धुवा, बेंचवर खाऊ नका, खिडकी उघडी ठेवा आणि धूर तोंडावर येणार नाही असा छोटा पंखा लावा. घरात लहान मुलं असतील तर कथिलाचे तुकडे रोज झाडून घ्या.

४. मोजमाप: आधी मीटर, मग पॉवर

पैसे कमी असतील तर इतर सगळ्यात कापा, मल्टीमीटरमध्ये कापू नका. फ्यूज असलेला, बीप करणारा हवा. एक सवय लावून घ्या: करंट मोजून झाला की लाल वायर लगेच व्होल्टच्या भोकात परत. १० अँपिअरच्या भोकात राहिलेली वायर घेऊन व्होल्टेज मोजायला गेलात तर तो सरळ शॉर्ट होतो.

दुसरी खरेदी म्हणजे आठ चॅनलचा छोटा यूएसबी लॉजिक ॲनालायझर. पल्सव्ह्यू हे मोफत, ओपन सोर्स सॉफ्टवेअर त्याच्याशी चालतं. सेन्सर खरंच बोलतोय की नाही हे डोळ्यांनी दिसतं. आमच्यासारख्या कोडवाल्यांना हा डीबगरसारखाच वाटतो. ऑसिलोस्कोप नंतर घ्या. डिजिटल प्रोजेक्टमध्ये पहिलं वर्ष त्याच्याशिवाय आरामात जातं.

तिसरं यंत्र खिशातच आहे. वायरिंग सोडण्याआधी फोटो काढा. चिपवरचे बारीक आकडे कॅमेऱ्यानं झूम करून वाचा. ओटीजी केबलनं फोनवरच सीरियल मॉनिटर बघता येतो. फक्त फोनमधून रिले किंवा मोटर चालवू नका. आणि वोक्वीसारख्या ऑनलाईन सिम्युलेटरवर ईएसपी-३२ चं सर्किट आधी ब्राउझरमध्येच चालवून बघा. तिथं जळालेला बोर्ड फुकट असतो.

५. डबा: जे जळतं ते दोन घ्या

मसाल्याचा डबा घ्या, सात वाट्यांचा, प्लास्टिकचा. रेझिस्टर २२०, १ के, ४.७ के, १० के, १०० के. कॅपॅसिटर १०० नॅनोफॅरॅड आणि ४७० मायक्रोफॅरॅड. १एन४००७ डायोड, बीसी५४७ ट्रान्झिस्टर, ३.३ व्होल्टचे रेग्युलेटर, फ्यूज. हे दहा-दहा घेतले तरी फार पैसे लागत नाहीत. बोर्ड मात्र नेहमी दोन. एक कामात, एक डब्यात.

रेझिस्टर इतके का? एक उदाहरण. टाकीतलं पाणी मोजायला एचसी-एसआर०४ हा अल्ट्रासॉनिक सेन्सर सगळे घेतात. तो ५ व्होल्टवर चालतो आणि उत्तरही ५ व्होल्टमध्ये देतो. ईएसपी-३२ च्या पिना मात्र ३.३ व्होल्टच्या. थेट जोडलं तर काही दिवस चालेलही, मग एक दिवस पिन मरेल. मध्ये १ के आणि २ के चे दोन रेझिस्टर लावले की ५ चे ३.३ होतात: ५ गुणिले २ भागिले ३. दोन के नसेल तर दोन १ के ओळीनं जोडा. दोन रुपयांत बोर्ड वाचला.

घरातल्या जुन्या राउटरचे, डीटीएचच्या डब्याचे अडॅप्टर जपून ठेवा. पण त्यांना किंवा जुन्या टीव्हीला उघडू नका. आत २३० चं डीसी होऊन सुमारे ३२५ व्होल्ट कॅपॅसिटरमध्ये बसलेले असतात, प्लग काढल्यावरही काही वेळ.

लिथियम सेलबद्दल एकच. बहुतेक सेलना ४५ अंशांच्या वर चार्ज करायचं नसतं. पत्र्याच्या खोलीत मे महिन्याच्या दुपारी तो आकडा लांब नसतो. चार्जिंग सकाळी करा, प्रोटेक्शन सर्किट असलेलं मॉड्यूल वापरा, रात्री लावून झोपू नका.

६. मग यावर करायचं काय? मोटरचं उदाहरण

शेतीची थ्री-फेज लाईट काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, पण रात्री दोनला बॅटरी घेऊन विहिरीवर जाणारा माणूस अजूनही आपल्या घरोघरी आहे. आमचे आप्पा, म्हणजे चुलते, त्यातलेच. अंधार, साप, ओली जमीन आणि उघडा स्टार्टर. म्हणून लोक ऑटो स्विच बसवतात, लाईट आली की मोटर आपोआप चालू.

त्यात गोम अशी की सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सात पट करंट ओढते. एका डीपीवरच्या सगळ्या मोटरी एकाच क्षणी उठल्या की डीपीवर ताण येतो, आणि डीपी जळाली की सगळ्यांचंच पाणी बंद. महावितरण ऑटो स्विच काढा म्हणतं ते म्हणूनच.

आता यात सॉफ्टवेअरवाल्याला काम दिसतं. लाईट आल्यावर प्रत्येक यंत्रानं ३० सेकंद ते ५ मिनिटं, मनाला येईल तेवढं थांबायचं आणि मग मोटर उठवायची. एक फेज नसेल तर उठवायचीच नाही. लाईट तीन सेकंदांत परत गेली तर घड्याळ पहिल्यापासून.

हे सगळं आपल्या फळीवर होतं, थ्री-फेजला हात न लावता. लाल, पिवळ्या, निळ्या फेजच्या जागी तीन छोटे स्विच. स्टार्टरच्या हिरव्या बटणाच्या जागी एक एलईडी. स्विच चालू-बंद करून शंभर वेळा लाईट घालवा आणि आणा. शेतात जी चूक दाखवायला महिना लागला असता ती इथं अर्ध्या तासात सापडते.

आणि इथंच रेघ मारायची. घरच्या बेंचवर थ्री-फेज कधीच येणार नाही. शेतातलं कनेक्शन लायसनवाला वायरमन करणार, सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर जागेवर राहणार, आणि आपलं यंत्र फक्त वेगळ्या केलेल्या संपर्कातून बोलणार. बोर्ड गेला तर कुरिअरनं येतो. माणूस येत नाही.

७. पहिल्यांदा स्विच दाबण्याआधी

ही यादी कागदावर लिहून फळीला चिकटवा.
- मीटर बीपवर ठेवून प्लस आणि मायनस तपासा. सारखा बीप वाजला तर थांबा.
- बोर्ड न जोडता सप्लायचं व्होल्टेज मोजा.
- लिमिट १०० मिलिअँपिअरवर आणा.
- बोर्ड जोडा, मग स्विच दाबा, आकडा बघा. एकदम लिमिटला टेकला तर लगेच बंद.
- दहा सेकंदांनी स्विच बंद करून चिपला बोट लावा. चटका बसला तर जोडणी परत तपासा.
- सगळं ठीक असेल तरच लिमिट वाढवा.

दोन मिनिटं लागतात. आठवड्याच्या बदल्यात दोन मिनिटं, सौदा वाईट नाही.

एकदम सगळं घ्यायची गरज नाही. पहिल्या महिन्यात फळी, मल्टीमीटर, ब्रेडबोर्ड आणि डबा. दुसऱ्या महिन्यात ट्रिगर, बक आणि चार्जर. तिसऱ्यात इस्त्री. लॉजिक ॲनालायझर अडेल तेव्हा. भावंडांत किंवा मित्रांत मिळून घेतलं तर अजून सोपं. आणि तुमच्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब असेल तर सरांना विचारा, तिथली यंत्रं कपाटात बंद असण्यापेक्षा तुमच्या हातात असलेली बरी.

पुढच्या भागात हीच मोटरची युक्ती कोडमध्ये उतरवू, ओळ न ओळ. तोपर्यंत फळी तयार ठेवा, आणि तिचा फोटो पाठवायला विसरू नका. भेटू!